विश्लेषण : झाडे मोजली, जमिनीखालचे जंगल कोण मोजणार? सह्याद्रीतील बुरशीचे वैविध्य कशावर टिकून आहे?

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात ताडोबातून वाघ आणण्यास २०२५च्या अखेरीस सुरुवात झाली आणि कोयना-चांदोलीच्या जंगलांची पुन्हा चर्चा सुरू झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत जगभरातील जमिनीखालच्या बुरशींचा नकाशा प्रसिद्ध झाला. मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशींचे वैविध्य जिथे सर्वाधिक आहे, त्यातील दहा टक्क्यांहून कमी क्षेत्राला आज संरक्षण आहे, असा त्याचा निष्कर्ष. जंगलाची उस्तवार वरून होते, पण ते उभे असते खालच्या आधारावर. हा आधार कशाने घडतो, कशाने तुटतो आणि उंब्रजसारख्या ऊसपट्ट्यातील गावाचा त्याच्याशी काय संबंध, याचा आढावा.

बुरशी म्हणजे नेमके काय?

बुरशी ही वनस्पती नाही आणि प्राणीही नाही. तो सजीवांचा स्वतंत्र गट आहे. पावसाळ्यात दिसणारी कुत्र्याची छत्री म्हणजे बुरशीचे केवळ फळ. तिचे खरे शरीर म्हणजे माती, पाचोळा किंवा लाकडात पसरलेले केसाहून बारीक धाग्यांचे जाळे. त्याला कवकजाल म्हणतात. छत्री चार दिवसांत विरून जाते, जाळे वर्षानुवर्षे टिकते.

जगात बुरशीच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात, असा अंदाज २०१७मध्ये मांडला गेला. त्यांपैकी नाव मिळालेल्या जाती दीड लाखाच्या आसपास. म्हणजे दहातील नऊहून अधिक जाती अजून विज्ञानाच्या वहीत नाहीत.

ढोबळ मानाने बुरशींची तीन कामे आहेत. काही मेलेले लाकूड आणि पाला कुजवतात. काही झाडांच्या मुळांशी भागीदारी करतात. काही जिवंत झाडे, कीटक किंवा प्राणी यांच्यावर जगतात. जंगलात ही तिन्ही कामे एकाच वेळी चालू असतात आणि त्यांचा तोल कसा राहील, हे त्या जागेवर ठरते.

सातारा-सांगलीचा पट्टा का महत्त्वाचा?

पुणे-बेंगळूरु महामार्गावरील उंब्रज येथे तारळी नदी कृष्णेला मिळते. इथून पश्चिमेला चाफळ-पाटणमार्गे कोयनेच्या जंगलात जाता येते. पूर्वेला खटाव-माणचा कोरडा माळ सुरू होतो. घाटमाथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपास. जेमतेम शंभर किलोमीटरच्या आडव्या पट्ट्यात पावसात दहापट फरक पडतो.

पावसाबरोबर जंगल बदलते. माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा यांचे सदाहरित रान. खाली उतरताना ऐन, किंजळ, नाणा यांचे पानझडी जंगल. त्याहून पूर्वेला बाभूळ, बोर, हिवर आणि गवताळ माळ. प्रत्येक पट्ट्यातील सावली, ओल, पाला आणि माती वेगळी, म्हणून तिथली बुरशीही वेगळी. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर आहे. कोयना आणि चांदोली २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहेत. हे संरक्षण मिळाले ते झाडे, प्राणी आणि पक्षी पाहून. बुरशीला ते आयते मिळाले.

जंगलातील कोणत्या गोष्टी बुरशीचे वैविध्य ठरवतात?

पहिली गोष्ट ओल. बुरशीला त्वचा किंवा साल नसते, त्यामुळे ती लवकर सुकते. दाट छताखाली जमिनीलगतची हवा दमट राहते आणि पाऊस थांबल्यावरही आठवडे दोन आठवडे तिचे काम चालू राहते. छत विरळ झाले की ऊन थेट जमिनीवर येते आणि हा काळ आखडतो.

दुसरी गोष्ट मेलेले लाकूड. लाकडाला कणखरपणा देणारा लिग्निन हा घटक पूर्णपणे मोडण्याचे काम प्रामुख्याने बुरशीच करते. नुकतीच पडलेली फांदी, साल सुटलेला ओंडका आणि बोटाने चुरा होणारे लाकूड या तिन्हींवर वेगवेगळ्या जाती येतात. बारीक काटकीवर येणारी बुरशी जाड खोडावर येईलच असे नाही. ‘साफसफाई’च्या नावाखाली पडकी झाडे उचलली की ही सगळी वस्तीच उठते. फणसाच्या जुन्या खोडावर येणारी, लोकवैद्यकात वापरली जाणारी ‘फणसांबा’ ही याच कुळातील बुरशी. म्हातारे झाड नसेल तर ती नाही.

तिसरी गोष्ट पाचोळा. प्रत्येक झाडाच्या पानातील मेण, टॅनिन आणि नत्र यांचे प्रमाण वेगळे असते. त्यामुळे अंजनीच्या चिवट पानावर वाढणाऱ्या सूक्ष्म बुरशी आणि ऐनाच्या पानावरच्या बुरशी एकसारख्या नसतात. पाला ओढ्यात पडला तर तिथे आणखी वेगळा संच कामाला लागतो. पावसाळी ओढ्याच्या पांढऱ्या फेसाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर चार हातांच्या चांदणीसारखे बीजाणू दिसतात. प्रवाहात वाहून जाताना पानाला अडकावे, म्हणून त्यांचा आकार तसा. गोवा विद्यापीठातील डी. जयराम भट यांनी पश्चिम घाटातील अशा सूक्ष्म बुरशींवर अनेक दशके काम केले आणि २०१० मध्ये त्यावर ग्रंथही लिहिला.

चौथी गोष्ट झाडाची साल आणि खडक. गोड्या किंवा काळ्या मसाल्यातील दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी. त्याची लागवड होत नाही, ते रानातून गोळा केले जाते. दगडफुलाला मुळे नसतात. ते पाणी आणि अन्नद्रव्ये हवेतून घेते आणि अतिशय सावकाश वाढते. म्हणून त्याला जुनी साल, स्थिर सावली आणि स्वच्छ हवा लागते. महामार्गाच्या रुंदीकरणात जुना वड तोडला, तर त्याच्या सालीवरची ही वस्तीही जाते. बदली लावलेल्या रोपावर ती पुन्हा बसायला कित्येक वर्षे लागतात.

पाचवी गोष्ट वाळवी. पावसाळ्यात वारुळातून येणारी, विदर्भात ‘सात्या’ आणि गोव्यात ‘रोण अळंबी’ म्हणून चवीने खाल्ली जाणारी छत्री वाळवीने जोपासलेली असते. वाळवी चघळलेल्या लाकूड-पाल्याचा मऊ गड्डा वारुळात रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि तीच खाते. वारूळ फोडले, वाळवी मारली किंवा जमीन यंत्राने सपाट केली की ही अळंबी तिथून कायमची जाते. धिंगरी किंवा बटण अळंबीप्रमाणे तिचे व्यापारी उत्पादन माणसाला जमलेले नाही.

झाडांच्या जाती जास्त म्हणजे बुरशीच्याही जास्त?

उत्तर वाटते तितके सरळ नाही. २०१४ मध्ये ‘सायन्स’ या पत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगातील ३६५ ठिकाणांहून मातीचे चौदा हजारांहून अधिक नमुने तपासले गेले. मातीतील बुरशीच्या वैविध्यावर सर्वाधिक प्रभाव हवामानाचा, विशेषतः पावसाचा, दिसला. त्यापाठोपाठ मातीचे गुणधर्म. झाडांच्या जातींची संख्या आणि बुरशींची संख्या यांचे थेट नाते जगाच्या पातळीवर फारसे दिसले नाही. अपवाद एका गटाचा. मुळांवर बाहेरून आवरण धरणाऱ्या बुरशी मात्र यजमान झाडांवर अवलंबून असल्याचे दिसले.

याचा साधा अर्थ असा, की बुरशीच्या किती जाती असतील हे बरेचसे पाऊस आणि माती ठरवतात. कोणत्या असतील, यात झाडांचा वाटा मोठा असतो. साल, पाईन, निलगिरी आणि दक्षिण घाटातील डिप्टेरोकार्प कुळातील वृक्ष यांच्या मुळांवर आवरण धरणाऱ्या, छत्र्या देणाऱ्या बुरशी असतात. सातारा-कोल्हापूरच्या रानातील बहुतेक झाडांची भागीदारी दुसऱ्या प्रकारच्या बुरशीशी आहे. ती मुळाच्या पेशीत शिरते आणि छत्री देत नाही. त्यामुळे कोयनेच्या जंगलात छत्र्या मोजून मुळांवरच्या बुरशीचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी माती तपासावी लागते. मूठभर मातीतील डीएनए वाचून त्यातील जाती ओळखण्याची पद्धत आता रुळली आहे. २०१२ मध्ये बुरशीच्या ओळखीसाठी जनुकसंचातील एक ठरावीक तुकडा प्रमाण मानला गेला आणि हे काम सोपे झाले.

‘झाडे बुरशीतून बोलतात’ हे खरे का?

मुळांशी जोडलेली बुरशी जमिनीतील स्फुरद आणि पाणी झाडाला देते आणि बदल्यात साखर घेते, हे पक्के सिद्ध आहे. जगभरातील वनस्पती दरवर्षी सुमारे १,३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतका कर्ब या बुरशींकडे वळवतात, असा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला. जाळ्यातून झाडे एकमेकांना इशारे देतात, आई-झाड पिलांना पोसते, या लोकप्रिय दाव्यांचे पुरावे मात्र प्रत्यक्ष जंगलात तोकडे आहेत, असे त्याच वर्षी संशोधकांच्या एका गटाने उपलब्ध अभ्यास तपासून दाखवून दिले. बुरशीचे महत्त्व पटवायला अशा गोष्टींची गरजही नाही. स्फुरद आणि साखरेचा व्यवहार पुरेसा आहे.

देवराईतून काय शिकायचे?

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनेक देवरायांत झाड तोडायचे नाही एवढाच दंडक नसतो, तर पडलेली काटकीही घरी न्यायची नाही, असा असतो. बुरशीच्या दृष्टीने हा नियम मोलाचा आहे. त्यामुळे सर्व वयाचे आणि कुजण्याच्या सर्व अवस्थांतील लाकूड एकाच जागी राहते, पाचोळ्याचा थर मोडत नाही आणि मातीला कुदळ लागत नाही. एकर-दोन एकरांची देवराई आजूबाजूच्या उघड्या डोंगराला बीजाणू पुरवणारी पेढी ठरू शकते.

आज अनेक ठिकाणी देवराईत सभामंडप, फरशी आणि वाहनतळ होत आहेत. झाडे राखून जमीन झाकली तरी देवराई अर्धी संपते.

मग लावलेले जंगल चालत नाही का?

चालते, पण वेळ लागतो. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर हे त्याचे जवळचे उदाहरण. उघड्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडे लावून हे रान उभे राहिले आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे ११ चौरस किलोमीटर. अशा रानात आधी गवत आणि पाल्यावरच्या बुरशी येतात. जाड ओंडक्यावर जगणाऱ्या बुरशींना झाडे म्हातारी होऊन पडण्याची वाट पाहावी लागते. त्यामुळे लावलेल्या रानात सुकलेली झाडे जागेवर राहू देणे हेही संवर्धनच आहे.

एकाच परदेशी जातीची लागवड केली तर चित्र आणखी बदलते. निलगिरी ऑस्ट्रेलियातून आली आणि तिच्या मुळांवर जगणारी पिसोलिथससारखी बुरशीही तिच्याबरोबर पसरली. म्हणजे निलगिरीच्या वनात बुरशी असते, पण ती सह्याद्रीची असेलच असे नाही. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीचा कार्यक्रम राबवला गेला. एकट्या २०१९ चे लक्ष्य ३३ कोटींचे होते. अशा मोहिमांचे यश किती रोपे लावली आणि किती जगली यावर मोजले जाते. खड्ड्यातल्या मातीत काय जगले, हे कोणी विचारत नाही. तोडलेल्या जुन्या रानाच्या बदली दुसरीकडे रोपे लावण्याचा हिशेबही याच मापाने होतो.

वणव्याने काय होते?

फाल्गुन-चैत्रात साताऱ्याच्या डोंगरांवर वणव्यांच्या रेघा दिसतात. बरेचसे वणवे माणसाने लावलेले असतात. नवे गवत चांगले येते ही त्यामागची समजूत. आगीची झळ खोल मातीपर्यंत क्वचितच पोहोचते, पण वरचा पाचोळा आणि त्यातील कवकजाल, बीजाणू, ओंडके जळून जातात. राखेवर काही मोजक्या आग-सोशीक बुरशी झपाट्याने येतात. एखादा वणवा रान पचवते. दरवर्षी वणवा लागला तर पाचोळा साचायलाच वेळ मिळत नाही आणि उताराची माती पहिल्या पावसात ओढ्यातून तारळी-कृष्णेत उतरते.

उसाच्या शेतकऱ्याला याचे काय?

थेट संबंध आहे. उंब्रज-कराड पट्ट्यात उसाच्या हुमणीवर वापरले जाणारे मेटारायझियम ही बुरशी आहे. आल्याच्या कंदकुजीवर वापरला जाणारा ट्रायकोडर्मा हीदेखील बुरशी आहे. दुकानात पुडीतून मिळणाऱ्या या मित्रबुरशींचे मूळ घर माती हेच. कोणत्या रानातील कोणती जात उद्या उपयोगी पडेल, हे आधी सांगता येत नाही. अवयव-प्रत्यारोपणात वापरले जाणारे सायक्लोस्पोरिन हे औषध १९६९ मध्ये नॉर्वेतील एका पठारावरून आणलेल्या मातीतील बुरशीतून मिळाले.

ऊस एकाच जमिनीवर वर्षानुवर्षे घेतला जातो. अशा शेतात यजमान एकच असल्याने लाल कूज किंवा चाबूक काणीसारख्या रोगकारक बुरशींचे फावते. त्यात पाचट जाळले की कुजवणाऱ्या बुरशीचे अन्न संपते. हेक्टरी साधारण आठ-दहा टन पाचट निघते. ते जागेवर कुजवणे म्हणजे जंगलातील पाचोळ्याचा नियम शेतात आणणे. वणवा आणि पाचट पेटवणे यांत मातीच्या दृष्टीने फारसा फरक नाही. कर्ब दोन्हीकडे धुरातून जातो.

कायद्यात बुरशीला स्थान आहे का?

वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२च्या अनुसूचींत प्राणी आणि वनस्पती आहेत. बुरशीसाठी वेगळी यादी नाही. जैवविविधता कायदा, २००२ अधिक व्यापक आहे. त्यात सूक्ष्मजीवही येतात आणि प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. या वह्यांत झाडे, पिके, पक्षी भरभरून असतात. अळंबीची नोंद क्वचितच दिसते.

जागतिक पातळीवर वारे फिरू लागले आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत मार्च २०२५ पर्यंत १,३०० बुरशींचे मूल्यमापन झाले. त्यांपैकी ४११ जातींना धोका असल्याचे आढळले. कोलंबियातील काली येथे २०२४ मध्ये झालेल्या जैवविविधता परिषदेत चिली आणि ब्रिटनने प्राणी-वनस्पतींच्या बरोबरीने बुरशीचाही स्वतंत्र उल्लेख धोरणांत व्हावा, असा प्रस्ताव मांडला.

महाराष्ट्रात पाया आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह आणि आजरेकर यांच्या नावाचा बुरशींचा नमुनासंग्रह आहे. याच संस्थेतून १९८०च्या सुमारास राज्यातील छत्र्यांवर ग्रंथ निघाले. गरज आहे ती जंगलपट्टानिहाय, वर्षानुवर्षे चालणाऱ्या नोंदींची.

आता काय करता येईल?

खर्चिक असे फारसे काही नाही. वनक्षेत्रात पडलेले ओंडके जागेवर राहू द्यावेत, एवढा एक नियम पाळला तरी मोठा फरक पडेल. रोपवाटिकेतील पिशव्यांत जवळच्या स्थानिक रानातील मूठभर माती मिसळली, तर रोपाला त्याची मुळांची भागीदार बुरशी लहानपणीच मिळते. लागवडीत एका जातीऐवजी त्या पावसाच्या पट्ट्यातील मिश्र जाती घ्याव्यात. जाळरेषा वेळेत काढाव्यात. देवराईत बांधकाम करण्यापूर्वी ग्रामसभेने जमिनीचाही विचार करावा. तोडीची भरपाई ठरवताना झाडांच्या संख्येबरोबर रानाचे वय, मेलेले लाकूड आणि मातीची तपासणी हेही निकष असावेत.

ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत एक पान अळंबीसाठी ठेवता येईल : कुठे उगवते, कोणत्या नक्षत्रात, कोणत्या झाडाखाली किंवा वारुळावर, गावात तिला काय म्हणतात आणि पूर्वीइतकी येते का. ही माहिती आज गुराखी आणि रानभाज्या विकणाऱ्या बायकांकडे आहे.

एक खबरदारी मात्र हवी. अनोळखी छत्री खाऊ नये. चांदीचे नाणे किंवा लसूण काळी पडते का, या घरगुती कसोट्या विश्वासार्ह नाहीत. सर्वांत घातक विष शिजवूनही जात नाही आणि त्याची लक्षणे अनेकदा सहा तासांनंतर दिसतात. तोपर्यंत यकृताला इजा सुरू झालेली असते. शंका आली तर उरलेली छत्री सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे.

वाघासाठी सह्याद्रीत जागा राखली जात आहे, ती योग्यच. पण वाघाला हरीण-सांबर लागते, त्यांना गवत आणि पाला, गवत-झाडाला माती आणि मातीला बुरशी. या साखळीतील शेवटच्या कडीची नोंद करायला पिंजरा लागत नाही, कॅमेराही लागत नाही. पुढच्या मृगात एक वही आणि मातीसाठी एक पिशवी पुरेशी आहे.